एक मैदान, सहा गावं

अमेरिकेच्या ईशान्येला मॅसॅच्युसेट्स राज्यात शहरं आणि गावं मिळून ३५१ स्थानिक संस्था आहेत. त्यांतल्या बहुसंख्य गावांत वर्षाचा अर्थसंकल्प आजही गावकऱ्यांच्या सभेत मंजूर होतो. या सभेला टाउन मीटिंग म्हणतात. ती आपल्या ग्रामसभेसारखी वाटते, पण तिचे अधिकार फार मोठे आहेत. गावाचा पैसा किती आणि कशावर खर्च होणार, कर्ज काढायचं की नाही, हे सगळं ती ठरवते. बऱ्याच गावांत कोणताही नोंदणीकृत मतदार थेट या सभेत बसतो. मोठ्या गावांत निवडून दिलेले शे-दोनशे प्रतिनिधी बसतात.

वसंत ऋतूत या सभा भरतात, बहुधा शाळेच्याच सभागृहात किंवा व्यायामशाळेत. दारात मतदारयादी तपासून प्रत्येकाला एक रंगीत कार्ड मिळतं. विषयपत्रिका आधीच गावभर जाहीर झालेली असते. सभा चालवणारा मॉडरेटर एकेक विषय पुकारतो, वित्त समिती आपली शिफारस सांगते, लोक रांग लावून माइकवर बोलतात आणि मग कार्डं वर होतात. अग्निशमन दलाची नवी गाडी आणि रस्त्यांची डागडुजी हे विषय सहसा झटपट उरकतात. शाळेच्या मैदानाचा विषय निघाला की माइकपुढची रांग वाढते.

एका मैदानावर गाव इतकं का पेटतं? रक्कम मोठी असते हे एक कारण. पण शाळेची नवी इमारत कितीतरी महाग असते आणि तिच्यावर एकमत होणं पुष्कळदा सोपं जातं. वर्ग हवेत हे सगळ्यांना मान्य असतं. मैदान ही गरज की हौस, इथूनच मतभेद सुरू होतात. त्यात शाळा अनेक गावांची मिळून असेल तर दुसरा प्रश्न उभा राहतो: यातलं आपलं किती? मैदानाचा खर्च कसा वाटायचा हे ठरवताना गाव खरं तर एक मोठी गोष्ट ठरवत असतं. शेजारच्या गावातली मुलं आपली मानायची की नाही, ही ती गोष्ट. या प्रकरणाचा विषय हाच आहे.

जबाबदारी जुनी, तंटाही जुना

शाळा ही गावाची जबाबदारी आहे ही कल्पना मॅसॅच्युसेट्समध्ये पावणेचारशे वर्षं जुनी आहे. १६४७ साली तिथल्या वसाहतीने कायदा केला. गावात ५० कुटुंबं झाली की लिहायला-वाचायला शिकवणारा शिक्षक नेमायचा आणि १०० झाली की लॅटिन शिकवणारी ग्रामर स्कूल काढायची. हयगय करणाऱ्या गावाला पाच पाउंड दंड होता. शिक्षकाचा पगार कोणी द्यायचा? कायद्याने दोन वाटा मोकळ्या ठेवल्या: मुलांच्या आईवडिलांनी किंवा मालकांनी द्यावा, नाहीतर सगळ्या रहिवाशांनी मिळून. ज्यांची मुलं शिकतात त्यांनीच भरायचं की सगळ्यांनी, हा आजच्या प्रत्येक मैदानाच्या सभेतला प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

विसाव्या शतकाच्या मध्याला लहान गावांना स्वतंत्र हायस्कूल परवडेनासं झालं. प्रयोगशाळा, ग्रंथालय, वेगवेगळ्या विषयांचे शिक्षक हे साठ-सत्तर मुलांसाठी उभं करणं अशक्य होतं. मग शेजारची गावं करार करून एकत्र आली आणि प्रादेशिक शाळा-जिल्हे तयार झाले. ॲमहर्स्ट, पेलहॅम, लेव्हरेट आणि शूट्सबरी या चार गावांची मुलं सातवीपासून एकत्र शिकतात ती अशाच व्यवस्थेत. मार्थाज व्हिनयार्ड बेटावरच्या सहा गावांचं हायस्कूलही एकच आहे. इमारत एका गावाच्या हद्दीत, मुलं सगळ्या गावांची आणि तिजोऱ्या मात्र वेगवेगळ्या, असा हा संसार.

अडीच टक्क्यांची वेस

पैसा येतो कुठून? मुख्यतः घरपट्टीतून. राज्य शाळांच्या रोजच्या खर्चाला अनुदान देतं. इमारतींसाठी २००४ साली स्थापन झालेलं एक वेगळं प्राधिकरण आहे. विक्रीकराच्या दर डॉलरमागच्या सव्वासहा सेंटांतला एक सेंट त्याच्याकडे जातो. पण पोहण्याचे तलाव, स्केटिंगची रिंगणं, बंदिस्त क्रीडागृहं यांना ते हात लावत नाही. खेळाचा बराचसा भार म्हणून गावावरच पडतो.

घरपट्टी हवी तितकी वाढवताही येत नाही. कॅलिफोर्नियात १९७८ साली करांविरुद्ध लाट उठली. तिच्या पाठोपाठ १९८० साली मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन टू अँड अ हाफ’ हा कायदा मंजूर केला. गावाची एकूण कर आकारणी दरवर्षी आधीच्या मर्यादेच्या फार तर अडीच टक्क्यांनी वाढू शकते, वर नव्या बांधकामाचा कर. शिवाय एकूण आकारणी गावातल्या सगळ्या मालमत्तेच्या बाजारभावाच्या अडीच टक्क्यांवर जाता कामा नये. महागाई चार टक्क्यांनी वाढली तरी गावाची कमाई साधारण अडीच टक्क्यांनीच वाढणार.

ही वेस ओलांडायला दरवाजे आहेत, पण किल्ली मतदारांकडे आहे. एखाद्या कर्जाचा हप्ता मर्यादेबाहेर काढायचा तर मतपत्रिकेवर बहुमत लागतं. कर्ज फिटेपर्यंत तेवढा कर जास्त घेता येतो, फिटलं की तो उतरतो. गावाने स्वतः कर्ज काढायचं असेल तर टाउन मीटिंगमध्ये दोन तृतीयांश मतंही लागतात. साध्या बहुमताला मैदान हवं असूनही ठराव पडतो तो यामुळे.

वाटा काढायचा कसा

आता प्रादेशिक शाळेचा हिशेब. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. समजा तीन गावांच्या शाळेत एक हजार मुलं आहेत: पहिल्या गावाची ६००, दुसऱ्याची ३००, तिसऱ्याची १००. मैदान आणि धावपट्टी मिळून खर्च ४० लाख डॉलर. शाळा-जिल्ह्याने वीस वर्षांसाठी चार टक्क्यांनी कर्ज काढलं आणि मुद्दल दरवर्षी सारखं फेडायचं ठरलं, तर पहिल्या वर्षी दोन लाख मुद्दल आणि एक लाख साठ हजार व्याज. वीस वर्षांत व्याजापोटी १६ लाख ८० हजार जातात.

वाटणी पटावर केली तर तिसऱ्या गावाचा वाटा दहा टक्के, म्हणजे पहिल्या वर्षी ३६,००० डॉलर. गावात सारख्या किमतीची ९०० घरं असतील तर घरटी ४० डॉलर. ऐकायला ही रक्कम किरकोळ वाटते. पण मैदानाचा हप्ता एकटा येत नाही. शाळेचा रोजचा खर्चही याच प्रमाणात वाटला जात असेल आणि तो वर्षाला दोन कोटी असेल, तर त्यातले वीस लाख या लहान गावाने आधीच भरलेले असतात. पुढच्या वर्षी पाच मुलांची भर पडली तर त्याचा वाटा दहावरून जवळपास साडेदहा टक्क्यांवर जातो आणि रोजच्या खर्चाचं बिल सुमारे ९०,००० डॉलरनी फुगतं. ९०० घरांच्या गावात दोन मोठी कुटुंबं राहायला आली की सगळ्यांची घरपट्टी हलते. काही करारांत म्हणूनच गेल्या काही वर्षांच्या पटाची सरासरी धरतात.

दुसरा मार्ग ऐपतीचा. प्रत्येक गावाने शाळेसाठी किमान किती द्यावं हे राज्य तिथल्या मालमत्तेचं मूल्य आणि रहिवाशांचं उत्पन्न पाहून ठरवतं. मालमत्ता जास्त असलेलं गाव जास्त भरेल. यात न्याय आहे, पण अडचणही आहे. वडिलोपार्जित घरात राहणाऱ्या निवृत्त माणसाच्या घराची किंमत वाढली म्हणून त्याचं पेन्शन वाढत नाही. कागदावर श्रीमंत आणि हातात पैसे नसलेली अशी माणसं प्रत्येक गावात असतात. सभेत माइकवर ती उठतात तेव्हा सभागृह शांतपणे ऐकतं, कारण त्यांचं म्हणणं खरं असतं.

तिसरा मार्ग दोन्हींची सांगड घालण्याचा: इतके टक्के पटावर, इतके ऐपतीवर. बहुतेक भांडणं शेवटी इथे येऊन मिटतात. पण राज्याची पद्धत सोडून रोजच्या खर्चासाठी वेगळं सूत्र वापरायचं तर सगळ्या सदस्य गावांची संमती लागते. एक गाव अडलं तरी गाडी थांबते.

कर्जाचा नियम वेगळा आहे. प्रादेशिक शाळा समितीने कर्जाचा ठराव केला की तो प्रत्येक गावाला कळवायचा. गावाला साठ दिवस मिळतात. त्या मुदतीत एखाद्या टाउन मीटिंगने नकार दिला तर कर्ज निघत नाही आणि समितीला नवा प्रस्ताव आणावा लागतो. गावाने काहीच केलं नाही तर? मौनं संमतिलक्षणम् हे तिथे कायद्यानेच मानलं आहे. समितीसमोर आणखी एक मार्ग असतो: सगळ्या गावांत एकाच दिवशी मतदान घेऊन एकूण बहुमताने निर्णय करायचा. त्यात लहान गावाचा नकार मोठ्या गावाच्या मतांखाली बुडून जाऊ शकतो. कोणता मार्ग निवडला यावरून समितीचा शेजारधर्म कळतो. कायद्याने दोन्ही चालतात, पण शंभर मुलांच्या गावाला आधी विश्वासात घेणारी समिती पुढची वीस वर्षं सुखाने चालते.

व्हिनयार्डची गोष्ट

मार्थाज व्हिनयार्ड हे उन्हाळी बंगल्यांसाठी प्रसिद्ध बेट. एडगरटाउन, ओक ब्लफ्स, टिस्बरी, वेस्ट टिस्बरी, चिलमार्क आणि ॲक्विना ही त्यावरची सहा गावं. उन्हाळी बंगल्याची घरपट्टी गावाला बाराही महिने मिळते, पण त्या घरातली मुलं बेटावरच्या शाळेत येत नाहीत. बारमाही राहणारी कुटुंबं काही मोजक्या गावांत जास्त. पटावर वाटणी केली की ज्या गावात मुलं जास्त त्याला भार जास्त, मग शेजारच्या गावात कितीही महागडे बंगले असोत. हायस्कूलच्या नूतनीकरणाचा विषय निघाला तेव्हा ओक ब्लफ्सने नेमकी हीच हरकत घेतली: मालमत्तेचं मूल्यही हिशेबात धरा. या वादात शाळेच्या नुसत्या प्राथमिक पाहणीचा खर्चसुद्धा वारंवार अडला.

मैदानाचा वाद त्याच काळातला. शाळेची मैदानं खराब झाली होती आणि समितीला कृत्रिम गवताचं एक मैदान हवं होतं. बेटाच्या प्रादेशिक आयोगाने २०२१ मध्ये प्रकल्पाला मंजुरी दिली. शाळा ओक ब्लफ्सच्या हद्दीत, म्हणून तिथल्या नियोजन मंडळाचीही परवानगी हवी होती. मंडळाने २०२२ मध्ये ती नाकारली. बेटाचं पिण्याचं पाणी जमिनीखालच्या एकाच साठ्यातून येतं आणि कृत्रिम गवतातून पीफास नावाची रसायनं झिरपतील ही भीती होती. शाळा न्यायालयात गेली. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यात शैक्षणिक वापराच्या जागांना स्थानिक नियमांपासून मोठं संरक्षण आहे. त्याच आधारावर २०२३ मध्ये जमीनविषयक न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला.

या खटल्याची आर्थिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. शाळेच्या वकिलांचा खर्च शाळेच्या अर्थसंकल्पातून, म्हणजे सहा गावांच्या घरपट्टीतून. नियोजन मंडळाच्या वकिलांचा खर्च ओक ब्लफ्सच्या घरपट्टीतून. ओक ब्लफ्सचा करदाता वादाच्या दोन्ही बाजूंना पैसे देत होता. शेजाऱ्यांमधलं न मिटलेलं भांडण असं महागात पडतं. ज्या पैशातून हिरवळ सुधारली असती तो खटल्यात गेला आणि दरम्यान मुलं त्याच खड्ड्यांच्या मैदानावर खेळत राहिली.

गवत की गालिचा

कृत्रिम गवताचा उगमही शाळेतलाच. शहरातल्या मुलांना खेळायला जागा कमी पडते म्हणून त्यांची तब्येत मागे राहते, या चिंतेतून फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने संशोधन झालं. मॉन्सँटो कंपनीने बनवलेला गालिचा १९६४ साली ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरात मोझेस ब्राउन शाळेत पहिल्यांदा अंथरला गेला. दोन वर्षांनी ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोम स्टेडियममध्ये तो बसला आणि त्याचं नाव ॲस्ट्रोटर्फ पडलं.

आजचा गालिचा वेगळा आहे. खाली खडीचा निचऱ्याचा थर, वर प्लॅस्टिकच्या धाग्यांची लव आणि धाग्यांमध्ये वाळू व जुन्या टायरांचा रबरी चुरा. एका मैदानात हजारो टायरांचा चुरा मुरतो. पाऊस थांबताच खेळता येतं, दिवसभर एकामागून एक संघ उतरले तरी जमीन फाटत नाही. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य भागात, हे फार मोलाचं. मार्चमध्ये बेसबॉलचा हंगाम सुरू होतो तेव्हा बर्फ नुकतं वितळत असतं, खालची माती अजून गोठलेली असते आणि वरचं पाणी मुरत नाही. अशा चिखलात एक सामना झाला की मैदान अख्ख्या हंगामासाठी बाद होतं. मुलं मग व्यायामशाळेत नाहीतर पार्किंगमध्ये सराव करतात.

दुसरी बाजूही तितकीच खरी. उन्हात गालिचा गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतो. आठ-दहा वर्षांत तो बदलावा लागतो आणि काढलेल्या गालिच्याचं काय करायचं याचं समाधानकारक उत्तर अजून नाही. मॅसॅच्युसेट्सने २०२० मध्ये पिण्याच्या पाण्यात सहा प्रकारच्या पीफासची एकत्रित मर्यादा एक लाख कोटी भागांत २० भाग इतकी बारीक ठरवली, तेव्हापासून लोक या प्रश्नाकडे जागरूकपणे पाहू लागले. ॲमहर्स्टच्या हायस्कूलच्या धावपट्टी आणि मैदानाच्या प्रकल्पातही वाद याच मुद्द्यावर रंगला. बोस्टनच्या महापौर मिशेल वू यांनी २०२२ मध्ये शहराच्या उद्यानांत नवं कृत्रिम गवत घालायचं नाही असं ठरवलं.

निधीच्या एका वाटेवर कायद्याने स्वतःच फाटक लावलं आहे. सन २००० च्या कम्युनिटी प्रिझर्व्हेशन कायद्याने गावाला घरपट्टीवर तीन टक्क्यांपर्यंत अधिभार लावता येतो आणि राज्य त्यात भर घालतं. हा पैसा मोकळ्या जागा, ऐतिहासिक वास्तू, परवडणारी घरं आणि मैदानं यांसाठी. २०१२ च्या दुरुस्तीनंतर जुनी मैदानं सुधारायलाही तो वापरता येतो, मात्र त्यातून कृत्रिम गवत विकत घेता येत नाही. गालिचा हवा असेल तर पैसे दुसरीकडून आणा, असा हा नियम.

मैदानं कमी का पडली

चांगल्या गवतावर खेळाचे तास मोजून द्यावे लागतात, कारण गवताला विश्रांती लागते. जुन्या काळी ती मिळायची. मुलग्यांचे दोन-चार संघ असायचे. १९७२ साली ‘टायटल नाइन’ हा कायदा आला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगभेद बेकायदा ठरला. १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली तीन लाखांहून कमी होत्या. आज त्या ३४ लाखांच्या घरात आहेत. फुटबॉल, फील्ड हॉकी, लॅक्रॉस, सॉफ्टबॉल यांचे मुलींचे संघ त्याच मैदानांवर उतरले. खेळणाऱ्यांची संख्या वाढली, जमीन तेवढीच राहिली. मैदानं झिजली यात कोणाचा हलगर्जीपणा असेल किंवा नसेल, पण त्यामागे एक मोठी सामाजिक प्रगती आहे. तिचा खर्च आता समोर येतो आहे आणि तो आनंदाने उचलायला हवा.

शाळा सुटल्यावर याच मैदानांवर गावातल्या छोट्यांचे संघ आणि प्रौढांच्या लीग खेळतात, पहाटे निवृत्त मंडळी धावपट्टीवर चालतात. बोस्टनच्या पश्चिमेकडच्या ॲक्टन, वेस्टबरो अशा गावांत शाळांसाठी म्हणून राहायला आलेली मराठी कुटुंबंही आता या व्यवहाराचा भाग आहेत. घरपट्टी ती सगळ्यांइतकीच भरतात, पण टाउन मीटिंगमध्ये मत देण्याचा हक्क नागरिकत्व घेऊन मतदार नोंदणी केल्यावरच मिळतो. ज्यांना तो मिळाला आहे त्यांनी सभेला जायलाच हवं. चार तास बसायला लागतं, पण आपल्या मुलांच्या मैदानाचा निर्णय तिथेच होतो.

वाट्यात काय काय यावं

मैदानाचा ठराव समोर येतो तेव्हा चर्चा बांधकामाच्या रकमेभोवती फिरते. खरा खर्च त्यानंतर सुरू होतो. नैसर्गिक गवताला दरवर्षी माती भुसभुशीत करणं, बी पेरणं, खत, पाणी आणि या कामाचा जाणकार माणूस लागतो. कृत्रिम गवताला दहा वर्षांनी नव्या गालिच्याचे लाखो डॉलर. दोन्ही ठिकाणी हा पैसा पहिल्या ठरावात क्वचितच असतो. अर्थसंकल्प ताणला की सर्वांत आधी कात्री लागते ती देखभालीला, कारण न पेरलेलं बी त्या वर्षी कोणाला दिसत नाही. चार-पाच वर्षांनी मैदान उखडतं आणि गावाकडे पुन्हा मोठी रक्कम मागितली जाते. तेव्हा मतदार विचारतो की मागच्या वेळच्या पैशाचं काय झालं, आणि त्याचं विचारणं रास्त असतं.

प्रत्येक सदस्य गावाच्या वाट्यात म्हणून तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: बांधकामाचा हप्ता, दरवर्षी बाजूला ठेवायची देखभालीची रक्कम आणि त्या बदल्यात गावाला मैदानावर मिळणारे तास. लहान गाव दहा टक्के भरत असेल तर त्याच्या लहान मुलांच्या संघाला शनिवारची चांगली वेळही मिळाली पाहिजे. नेहमी संध्याकाळची उरलेली वेळ त्यांच्या पदरी पडत असेल, तर पुढच्या ठरावाला त्या गावाने हात का वर करावा?

सूत्र पटाचं असो, ऐपतीचं असो की मिश्र, ते प्रकल्पाच्या आधी ठरलेलं असावं. वाद पेटल्यावर सूत्र शोधायला बसलं की प्रत्येक गाव आपल्याला स्वस्त पडणारं सूत्रच न्याय्य ठरवतं. शांत काळात, कोणतंही बिल समोर नसताना, सगळी गावं एकत्र बसली तर शेजारच्या गावातल्या मुलाचा विचार करणं सोपं जातं. समितीने एकत्र मतदानाचा मार्ग निवडला नाही, तर मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने लहानातल्या लहान गावाला नकाराचा अधिकार दिला आहे. मोठ्या गावांना तो अडथळा वाटतो. माझ्या मते या व्यवस्थेतली ती सर्वांत मोलाची तरतूद आहे, कारण तिच्यामुळे शंभर मुलांच्या गावाशीही आधी बोलावंच लागतं, आणि बोलून, पटवून काढलेल्या कर्जाचे हप्ते वीस वर्षं कुरकुर न करता फिटतात.